तुझ्या नातीच्या हातातला खराटा

माय, तुझ्या नातीनं मागच्या महिन्यात खराटा हातात घेतला. हे तुला कुणीतरी सांगायला पाहिजे आणि सांगणारी आता मीच उरले आहे. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी ती झाली. आता कॉलेजात जाते, माझ्यापेक्षा उंच आहे, चालताना खाली बघत नाही. आम्ही नव्या जालन्यात राहतो, नदीच्या या अंगाला, एका कॉलनीत. शेजारी बहुतेक शिक्षक, बँकेतले, एकदोघं बियाण्यांच्या कंपनीतले. आपण कुठल्या वस्तीतले, तू काय काम करायचीस, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी ते बोलत नाही. दिवाळीत फराळाची ताटं इकडून तिकडं जातात. आमच्या ताटातल्या फराळाचं पुढं काय होतं, ते बघायला मी कधी गेले नाही.

कॉलनीत स्वच्छता सप्ताह ठरला. असले सप्ताह तुझ्या वेळेला नव्हते. तुमच्या वेळेला झाडणारे झाडायचे आणि बाकीचे चालायचे. आता लोकच एकत्र येतात, एक दिवस रस्ता झाडतात, एक दिवस घरोघर जाऊन ओला कचरा, सुका कचरा समजावून सांगतात, भिंती रंगवतात, झाडं लावतात, शेवटच्या दिवशी सत्कार आणि नाष्टा. काम वाईट नाही, माय. कॉलनीच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे, घंटागाडी चुकली की सगळ्यांच्या पिशव्या तिथं जाऊन पडायच्या. डुकरं, माशा, पावसाळ्यात तर खिडकी उघडायची सोय नाही. तो प्लॉट साफ करायचा हे पोरीच्या डोक्यातून निघालं. कॉलनीच्या समितीला तिनंच पटवलं. घरोघर जाऊन बोलायची आणि मी गॅलरीतून ऐकायची. इतकं नीट, इतकं न अडखळता बोलायची की मला वाटायचं, ही खरंच आपल्या घरातली आहे का.

तरी मी तिला आदल्या संध्याकाळी सांगितलं की भिंती रंगव, भाषण कर, पाणी वाट, पण खराट्याला हात लावू नकोस. ती हसली. म्हणाली, मम्मी, सगळेच घेणार आहेत, डॉक्टरकाकू पण घेणार आहेत. मी म्हणाले, त्यांनी घेतला तर फोटो निघतो. आपण घेतला तर... तिला ते कळलंही नाही. ते तिला कळू नये म्हणूनच तर तू आणि मी एवढं केलं होतं.

तुला तो दिवस आठवतो का? तू तापानं फणफणली होतीस, तरी कामावर गेलीस, कारण नाही गेलीस तर मुकादम हजेरी मांडायचा नाही. मला वाटलं, ही येईल तोवर घर लख्ख करून ठेवावं. मी स्वयंपाकाची जागा झाडली, चुलीपुढची राख भरली आणि दाराशी आले तेवढ्यात तू आलीस. माझ्या हातातला झाडू ओढून घेतलास आणि पाठीत धपाटा घातलास. मी रडायच्या आधी तूच रडायला लागलीस. "माह्या घरात झाडू मी मारीन," तू म्हणालीस, "मरेस्तोवर मीच मारीन. तू पुस्तक धर." त्यानंतर मी तुझ्या घरात कधी झाडलं नाही. लग्न होऊन गेले तेव्हा मला धड केर काढता येत नव्हता. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या की आपल्यातली पोर आणि हिला झाडता येईना, आता लोकांना काय सांगू. त्यांनीच मला शिकवलं. हे तुला मी कधी सांगितलं नाही, तुला वाईट वाटलं असतं.

नोकरी लागली तेव्हा तू मला साडी आणलीस. पांढरट, निळ्या काठाची. मी म्हणाले, एवढा फिका रंग कशाला, लगेच मळेल. तू म्हणालीस, मळली की दिसली पाहिजे. मातकट रंगाच्या साड्या तू जन्मभर नेसलीस, त्यांच्यावर काही दिसायचं नाही म्हणून. तू घरी येऊन आधी मोरीत अंघोळ करायचीस आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचीस. मोरीतलं पाणी वाहून जाईपर्यंत आम्ही दाराशी थांबायचो.

एकदाच मी तुझ्यामागं जुन्या जालन्यात आले होते. शाळेला सुट्टी होती. अजून दुकानं उघडायची होती, कापडाची, धान्याची, अरुंद गल्ली, मधूनच एखादी सायकल. तू झाडत पुढं जातेस, मी पायरीपायरीवर बसत मागं येते. भुसा, सुतळीचे तुकडे, फाटके कागद, ओल्या जागेत चिकटलेली ज्वारी. गल्ली झाडून होते, तुझी पाठ सरळ होते, आणि एक दुकानदार फळी उघडून आतला केर बाहेर लोटतो, बराबर तू झाडलेल्या जागेवर. वर म्हणतो, जल्दी कर, गिऱ्हाईक येतंय. तू काही बोलली नाहीस. वाकलीस आणि पुन्हा झाडलंस. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. त्यावर काहीच नव्हतं, राग नाही, रडू नाही. मला वाटलं, हिला काही लागतच नसेल. कितीतरी वर्षं मी तसंच समजत होते.

तर त्या प्लॉटचा दिवस. सकाळीच पन्नासेक माणसं जमली होती, हातमोजे, टोप्या, कुणी कुणी नवे बूट. पोरगी सगळ्यांच्या पुढं, हातात खराटा. मी पाण्याचा जार घेऊन कडेला उभी होते. काम खरंच जोरात चाललं, लोक हसत होते, एकमेकांना चिडवत होते. मला क्षणभर वाटलं की माझंच चुकलं, काळ बदललाय, मीच तुझी भीती कवटाळून बसले आहे. तेवढ्यात ढिगाच्या तळाशी मेलेलं कुत्रं निघालं. फार दिवसांचं असावं. वास असा आला की सगळे मागं सरले. डॉक्टरबाईंनी ओकारी दाबली. कुणीतरी म्हणालं, नगरपालिकेची माणसं बोलवा. मग समितीचे अध्यक्ष, आमच्या शेजारचे, सज्जन माणूस, माय, खरंच सज्जन, माझं ऑपरेशन झालं तेव्हा डबा पाठवायचे, ते माझ्या पोरीकडं वळून अगदी सहज म्हणाले, "बेटा, तू बघतेस का जरा? तुम्हाला सवय असते."

तुम्हाला. तिला एकटीला ते "तू" म्हणायचे.

एकानं मोबाईल काढून बघायला सुरुवात केली. डॉक्टरबाईंनी दुसरीकडं तोंड केलं. पोरगी आधी त्यांच्याकडं बघत राहिली, तिला शब्द कळले होते आणि अर्थ यायला वेळ लागत होता. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला अर्थ कळला. ते मी थांबवू शकले नाही. मी जार खाली ठेवला आणि पुढं गेले. विचारलं, "भाऊ, कुणाला सवय असते?" ते गडबडले. म्हणाले, तसं नाही मॅडम, गैरसमज करून घेऊ नका, ती धीट आहे म्हणून म्हणालो.

आमची गल्ली झाडणारी बाई तिथंच होती, कंत्राटावरची. आज लोकच काम करणार म्हणून तिला बाजूला बसवलं होतं. ती उठली, कुणी सांगायची वाट न बघता एक पोतं घेऊन आली. पोरीनं ते बघितलं आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं. मी हात पुढं केला होता, तिला मागं ओढायला. ती म्हणाली, "मम्मी, राहू दे. त्या एकट्या कशा उचलतील?" दोघींनी ते उचललं, प्लॉटच्या टोकाला नेलं, तिथं खड्डा खणून पुरलं. परत येताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले. माझ्या कानात त्या टाळ्या अजून आहेत. त्यातल्या कुणाचा हेतू वाईट नव्हता. म्हणून तर मला कुणाशी भांडताही येत नाही.

घरी येऊन ती फार वेळ बाथरूममध्ये राहिली. मी बाहेर उभी होते आणि पाण्याचा आवाज ऐकत होते. शेवटच्या दिवशी सत्कार होता. भाषणात कुणीतरी म्हणालं की कुठलंही काम छोटं नसतं. उत्कृष्ट स्वयंसेवक म्हणून तिचं नाव पुकारलं. ती माझ्या शेजारी बसली होती. पुन्हा पुकारलं. ती उठली नाही, फक्त माझा हात घट्ट धरून ठेवला. सगळे वळून बघत होते. मग पुढचं नाव घेतलं. गल्ली झाडणाऱ्या त्या बाईला शाल आणि नारळ दिला, ती ते पोटाशी धरून दारातल्या खुर्चीवर बसून राहिली.

प्लॉट आता पुन्हा भरायला लागला आहे. आधी एक पिशवी पडली, मग तिच्या सोबतीला दुसरी. अध्यक्ष दिसले की नमस्कार करतात, मीही करते. पोरगी पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी जायचं म्हणते, जिथं कुणी ओळखत नसेल. मी तिला कसं सांगू की ओळखायला लोकांना फार वेळ लागत नाही.

परवा ती पोळ्या लाटता लाटता त्या प्लॉटवरच्या गोष्टीबद्दल बोलली, इतक्या दिवसांनी. विचारलं, "आजीला कुणी असं म्हटलं की आजी काय करायची?" तुला लोक काय काय म्हणाले हे तू एकदाही घरात आणलं नाहीस. आम्हाला वाटायचं तू फक्त धूळ धुऊन येतेस. तुझा दम, तुझा खोकला, तेवढं आम्हाला दिसलं. बाकी तू कुठं ठेवलंस? मला ते आज पाहिजे होतं. पोरीला द्यायला माझ्याकडं तुझं गप्प बसणं सोडून काही नाही, आणि तिला गप्प बसणं नकोय.

हे कागद मी कुठं पाठवणार. आणि तुला वाचायला तरी कुठं येत होतं, माझ्या शाळेतले निकालसुद्धा मीच वाचून दाखवायचे.

एवढंच सांगायचं राहिलं. परवा पोळ्या लाटताना तिनं विचारलं तेव्हा मी शेवटी पोरीला म्हणाले, आजी फटकन तोंडावर बोलायची, "उचलायची सवय आमची म्हणता, मंग घाण टाकायची सवय कोणाची हाय?" पोरगी लाटणं थांबवून माझ्याकडं बघत राहिली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. आता ती मैत्रिणींना फोनवर सांगते, माझी आजी असं म्हणायची. तू असं कधीच म्हणाली नाहीस, निदान माझ्या कानावर नाही. ते मी तुझ्या तोंडी घातलं, माय. आणि ती सांगते तेव्हा मी बाजूला बसून ऐकते, तिला थांबवत नाही.