राखीच्या ताटाखालचा स्टॅम्पपेपर

अंकुरदादा,

तू वावरात गेला तवा मी मंगरूळच्या गाडीनं निघाली. वहिनीले काही बोलू नको, तिले मी सांगतलं नाही.

पंजाबकाका वारले तवापासून तू मले भेव दाखवून राह्यला, का त्याईचं अमेरिकेतलं रिटायरमेंटचं खातं आत्ताच खाली केलं नाही तं अर्धे पैसे टॅक्समंदी जातीन. काल मी कारंज्याच्या सीएले इचारलं. काकानं टॅक्स भरूनच त्याच्यात पैसे टाकले होते, आन् खातंही पाच वर्साच्या वरचं हाये. म्हणून तिकडं काढताना टॅक्स लागत नाही. वारसाले खाली कराले दहा वर्सं भेटतात. हे तुले ठाऊक होतं. तू माह्या आधीच त्याले इचारून गेला होता.

मांगच्या राखीले तू ओवाळणीत साडी देल्ली आन् वावराच्या हक्कसोडीवर माही सही घेतली. मी हासत हासत केली. औंदा ताटाखाली पुन्हा स्टॅम्पपेपर, काकाच्या खात्यातले पैसे तुह्या नावावर कराचा. काकानं वारस म्हणून माहं एकटीचंच नाव काहून लिहलं, ते मले आज समजलं.

सही केली नाही. राखी त्या कागदावरच ठेवली हाये. आपल्या हातानं बांधून घे.

राधिका