मागे बघणारं हरीण

३ मार्च

चि. वाचनवेडीस,
अ. उ. आ.
मी ठीक. डोळे मात्र आता रंगाच्या डब्या चाचपायला लावतात. डोंगरातल्या ज्या म्हातारीच्या भिंतीवरची चित्रं मी उतरवून घेतली होती, तिची नात आली होती. म्हातारी गेली, भिंतही पडली. नव्या घरावर तिला आजीचीच रांग काढायची आहे. पण आधी कुठला प्राणी, मग कुठला, हे तिला आठवत नाही. मलाही नाही. ती रांग उतरवलेला मोठा कागद मी भाऊला पाठवला होता. त्याच्या माघारी तू जपलाच असशील. लगेच पाठव.
माया वाढू दे, चष्म्याचा नंबर नको.
तुझी वन्सं

८ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न.
काय तोंडाने लिहू? हे गेल्यावर घरातला एकेक कागद डोळ्यांना खुपायचा. महिनाभरात सगळे रद्दीत घातले, पुस्तकं तेवढी ठेवली. तुम्ही गावोगाव पायपीट केलीत आणि मी हे असं केलं. त्या मुलीला माझं नाव सांगा. तिच्या शिव्या माझ्या वाट्याच्या.
रागावलात तरी लिहीत राहा.
तुमची भावजय

१४ मार्च

चि. वाचनवेडीस,
अ. उ. आ.
शिव्या कसल्या! मावशींना म्हणावं जिवाला लावून घेऊ नका, असं म्हणाली पोर. मीच दोन दिवस रुसले होते. मग आठवलं, भाऊ गेल्यावर मीही त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला होता. कपाळाला हात लावून बसू नकोस. पुस्तकांना ऊन दाखव.
राग संपला, उत्तर धाड.
तुझी वन्सं

१९ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न.
सापडला! पुस्तकं उन्हात घालायला काढली. माझी मी वाचायला शिकले तेव्हा यांनी पुस्तकांसाठी केलेली ती लाकडी मांडणी. खालच्या फळीवरचा जाड कागद उचलला, तर खालच्या बाजूला तुमची रांग, काल काढल्यासारखी! कागदाच्या पाठीवर यांचं अक्षर: ‘ताईचं चित्र. ऊन लागू नये म्हणून पालथं घातलंय.’ मला मेलं सांगायचं नाही का? अकरा वर्षं त्यावरच्या पुस्तकांची धूळ झटकतेय. यांच्यावर मोठ्याने रागावले आणि कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.
तेवढं अक्षर कापून ठेवावं म्हणून कात्री घेतली होती. पण ते नेमकं शेवटच्या हरणाच्या पाठीमागे आहे. नाही कापलं. अख्खा कागद पाठवतेय, काम झालं की परत धाडा.
मुलीला सांगा, आधी कासव, मग दोन बैल, मग हरणं. सगळी पुढे चाललीत, शेवटचं तेवढं मागे वळून बघतंय. ते तसंच काढ म्हणावं.
आहे ती माया राहू द्या.
तुमची भावजय