भट्टीची भेग आणि माझं डोकं

आर्विड,

गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलास की तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी. दाराबाहेर डकवलीय, कारण आत जायचं नाही. घर तापवायची भट्टी बंद आहे, घर गारठलंय, पाणी गोठून फुटू नयेत म्हणून नळाचे पाइप रिकामे केलेत. मी आणि कुत्रा तुझ्या बहिणीकडे, सोल्वेगकडे आहोत; ही चिठ्ठी लावायला तेवढी परत आले.

आज शेवटी भट्टीवाल्याला बोलावलंच. पंखा सुरू झाला की ज्योत नाचायची आणि तू कौतुकानं बघत बसायचास, आठवतं? त्यानं आत कॅमेरा घातला, तर पत्र्याला बोटभर भेग! त्यातून विषारी वायू थेट आपल्या बेडरूममध्ये येत होता. गॅस बंद करून त्यानं लाल पट्टी बांधलीय, ती सोडू नकोस. आणि तुझा तो लेपाचा डबा राहू दे जागच्या जागी. ही भेग बुजवत नाहीत, भट्टीच बदलतात. नवी गुरुवारी येतेय.

"विषारी वायू आला की वाजणारी घंटा कुठाय?" त्यानं विचारलं.

म्हटलं, "नवऱ्यानं बर्फावर नेलीय, मासेमारीच्या खोपटात."

बिचाऱ्याला हसू दाबता येईना. ती परत आण. खोपटासाठी दुसरी घे.

महिनाभर मी म्हणतेय, "तू घरात दिसलास की माझं डोकं उठतं." सोल्वेगकडे तासभर बसले आणि दुखणं पार पळालं! आता तूही तिकडेच ये. बटाट्याचं हॉटडिश तिच्या ओव्हनमध्ये भाजतंय. तू समोर बसल्यावरही डोकं दुखलं नाही, तर सगळ्यांदेखत तुझी माफी मागेन.

मार्लिस