माझ्या पुढे वाचणारा

३ नोव्हेंबर
एका घोर अन्यायाची नोंद करून लखनऊच्या वास्तव्याचा श्रीगणेशा करतो. माझ्या नव्या ई-रीडरने माझे यच्चयावत संस्कृत ग्रंथ ‘अज्ञात’ नावाच्या लेखकाला बहाल केले आहेत. दोन हजार वर्षांच्या कवी-नाटककारांची मिळकत एका झटक्यात एकाच्या नावावर चढली आणि कुणी हरकतही घेतली नाही.

बाकी आगमन झकास. पुण्याच्या दैनिकाने इथला वार्ताहर म्हणून पाठवलं. पन्नाशी उलटल्यावर याला बढती म्हणायचं की हद्दपारी, ते संपादकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शहराच्या चिनहट भागात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालक मिश्राजी, एकटेच. मी शाळेत संस्कृत शिकलोय म्हटल्यावर ‘अच्छा, पंडितजी’ म्हणाले. बारसं झालं.

कागदी पुस्तकं बहिणीकडे, सुनेत्राकडे, पुण्यात राहिली. इथलं ग्रंथालय लॅपटॉपमध्ये. बँकेतला प्रसाद, मूळचा साताऱ्याचा, सगळं जोडून देऊन गेला. लॅपटॉप आणि रीडर घरच्या वायफायवर भेटले की पुस्तकं, त्यांचे लेखक, त्यांची वर्गवारी आणि मी कुठवर वाचलं ती खूण, सगळं दोन्हीकडे सारखं होतं. अब आराम से पढ़ यार, म्हणाला. आरामाला इथे तोटा नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
सुनेत्राची नजर गेल्या वर्षी अगदी गेली. तेव्हापासून दर रविवारी मी तिला फोनवरून वाचून दाखवतो. आजही वाचलं. शेवटी पुढच्या प्रकरणाची पहिली ओळ वाचूनच थांबलो. बाबा पोथी वाचताना तसंच करत. अध्याय संपला की पुढची एक ओवी, मगच पोथी रुमालात बांधायची, म्हणजे वाचन तुटत नाही. यंत्रावर हे करणारा मी एकटाच असेन, असं ती म्हणाली. वर म्हणाली, दादा, आठवडाभर तू आणखी कुणाशी बोलतोस का रे? मी म्हटलं, मिश्राजींशी, पाण्याच्या मोटारीबद्दल.

उर्दूही सुरू केली आहे. चार धडे झाले. माझे उच्चार ऐकून मिश्राजींना चहा गिळवत नाही.

१४ नोव्हेंबर
गंमतच. संध्याकाळी घरी आलो तर वाचत होतो त्या संस्कृत नाटकातली खूण पुढच्या अंकात गेलेली, अगदी पहिल्या ओळीवर. शिवाय ‘अज्ञात’चं साम्राज्य बरखास्त झालंय. एकेका ग्रंथाला त्याचा कर्ता लावलेला, आणि दोन ठिकाणी जिथे विद्वानांत वाद आहे, तिथे मी लिहिलं असतं तसंच प्रश्नचिन्ह.

प्रसादला विचारलं. त्याने तपासून सांगितलं की या ग्रंथालयाला माझा एकच रीडर जोडलेला आहे, दुसरं काही नाही. भुलक्कड हो गया है तू, असंही म्हणाला. असेल. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. घरात आणखी कुणी वाचतंय.

१९ नोव्हेंबर
अन्वय-व्यतिरेकाने, म्हणजे एकेक गोष्ट बदलून, शोध घ्यायचा ठरवलं. तमिळ पुस्तक घातलं. मला तमिळ येत नाही. तिथे खूण हलली नाही. मराठी घातलं, सकाळी घातलेलं संध्याकाळी वाचून झालं. उर्दूच्या पुस्तकात खूण पाचव्या धड्याच्या पहिल्या ओळीवर. म्हणजे मला येतं तेवढंच त्यालाही येतं.

निष्कर्ष उघड आहे. वाचणारा मीच, आणि वाचल्याचं मला आठवत नाही. बाबांचंही शेवटी असंच झालं होतं. तोच अध्याय रोज नव्याने. सुनेत्राने आणि मी सांभाळलं त्यांना.

हे तिला अजून सांगितलेलं नाही.

२४ नोव्हेंबर
दिवसभर बातमीसाठी कानपूरला होतो. रीडर इथे, टेबलावर. परत आलो तर मिश्राजी जिन्यातच भेटले, भलतेच खूश. म्हणाले, वाह पंडितजी, आपका तो शीन-क़ाफ़ दुरुस्त हो गया, दुपारभर ऐकत बसलो होतो. इतक्या साफ उच्चारांची उर्दू या मोहल्ल्यात आता कोण वाचतं.

मी कानपूरला होतो. तिकीट खिशात आहे.

उर्दूची खूण शेवटच्या धड्यात. मी तिसरा उघडला. तो मला येत होता. आता नुसती वळणं दिसतात.

काल सुनेत्राला वाचतानाही अडखळलो. दादा, चष्मा बदल, म्हणाली.

२६ नोव्हेंबर
संस्कृत नाटक उघडलं. आयुष्यभर वाचलेलं. पहिल्या श्लोकालाच कोश लागला. कोशातला अर्थही — दुसऱ्यांदा वाचावा लागला.

तो वाचतो तेवढं माझ्यातून जातं. दुसरा अर्थ लागत नाही.

२८ नोव्हेंबर
वायफाय बंद. लॅपटॉप प्रसादकडे ठेवून आलो. डॉक्टरला दाखव यार, म्हणाला, घरी कोण आहे तुझ्या? म्हटलं, तोच तर प्रश्न आहे. तो हसला.

रीडर कशालाच जोडलेला नाही. खूण पुढे गेली. आता मराठीत —

२९
लिहिता येतं. लिहिलेलं वाचता येत नाही. वरची पानं कुणाची आहेत, अक्षरावरून माझी —

राम शब्द चालवून पाहिला. सातव्या वर्षी पाठ केलेला. रामः, रामौ —

रामौ —

३०, रविवार
तिला फोन करायचा होता. पुस्तक धरून बसलो. काय वाचणार.

तिनेच केला. म्हणाली, दादा, मघाशी वाचलास तो शेवट पुन्हा एकदा वाच ना. किती दिवसांनी असं वाचलंस, अगदी बाबांसारखं. मी वाचलं नव्हतं. पान उलटलं, एक अक्षर लागेना. ती म्हणाली, दमलास वाटतं, राहू दे.

साधंच लिहितो. भीती त्याची नाही. विसरण्याचीही नाही, बाबा विसरले, त्यांना आम्ही होतो. इथे मी आधी कसा होतो ते कुणाला ठाऊक नाही. ठाऊक आहे ती एकटी सुनेत्रा. आणि तिला फरक कळला नाही. तिला तो जास्त आवडला.

पलीकडच्या खोलीत फोन वाजतोय. तो उचलतोय. तिला सांगायला हवं की मी इकडे आहे, सुनेत्रा, इकडच्या खोलीत, मी —