बाबांच्या दफनाला मी का नव्हतो

बेलमलेट, रविवार

प्रिय डर्व्हला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत टाकशील, अशी भीती वाटतेय. तीन वर्षं आपण बोललो नाही. तरी एवढं शेवटपर्यंत वाच.

बेकरीच्या पावाच्या गाडीवरची ड्रायव्हरकी मी सोडली. आता त्याच बेकरीत भट्टीपाशी असतो. का सोडली ते इथे कोणालाच ठाऊक नाही. आधी तुलाच सांगतो.

बाबांना पुरलं त्या दिवशी मी सकाळी आठलाच निघालो होतो. काळा कोट इस्त्री करून मागच्या सीटवर ठेवला होता. बँगॉरच्या पुढे, दलदलीतल्या रस्त्यावर, चाक खड्ड्यात आदळलं. खड्डाच होता, मला दिसला होता. पण लगेच मनात आलं, माणूस तर नव्हता? मागे फिरलो. रस्ता पाहिला, कडेचा चर पाहिला, गाडीखाली वाकून रक्त शोधलं. काही नव्हतं. मैलभर गेलो नाही तोच वाटलं, चरात नीट पाहिलं नाही, तिथे कोणी तळमळत पडलं असेल. पुन्हा मागे. असं चौदा वेळा, डर्व्हला. तिकडे फादर खोळंबलेत, तू सारखी दाराकडे बघतेयस, हे मला कळत होतं. रडत होतो आणि गाडी वळवत होतो.

पोचलो तेव्हा माती सारखी करणं चाललं होतं. माझ्या जागी शेजारच्या मॅलकीने खांदा दिला होता. गाडी बंद पडली, असं मी सांगितलं. तू माझ्या चिखलाने भरलेल्या गुडघ्यांकडे पाहिलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "थापा मारू नकोस, फिंटन. पीत बसला होतास कुठेतरी. बापाला माती द्यायला तरी वेळेवर यायचं होतंस!" मी मान खाली घातली. दारुडा म्हणवून घेणं सोपं होतं. वेडा म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

सप्टेंबरपासून दर गुरुवारी बॅलिनाला समुपदेशनाला जातो. ओर्ला नावाची बाई आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी सगळं ओकून टाकलं आणि वाटलं, आता ही पोलिसांना बोलावणार. ती शांतपणे म्हणाली, "याला ओसीडी म्हणतात." मी म्हटलं, "ते सारखे हात धुणाऱ्यांचं ना?" तर म्हणाली, "काही जण हात धुतात. तुम्ही रस्ता तपासता." आता मी गाडी चालवतो आणि ती शेजारी बसते. खड्डा आला तरी थांबायचं नाही, आरशात बघायचं नाही. "कोणाला लागलं नाही ना?" असं मी काकुळतीने विचारतो, तर म्हणते, "मला नाही माहीत. चला पुढे." पहिल्या खेपेला मी रस्त्याकडेला गाडी लावून ढसाढसा रडलो. बाबांसाठीही तेव्हाच पहिल्यांदा रडलो. हे पूर्ण जाईलच असं ती म्हणत नाही. आधी का आला नाहीत, असं मात्र तिने एकदा विचारलं. तीस वर्षं गेली यात.

माफी मागायला हे लिहीत नाहीये. गेल्या मंगळवारी तुमच्या गावावरून जात होतो. चर्चच्या पुढच्या वळणावर तुझी लाल गाडी उभी होती, दार उघडं टाकलेलं. तुझी सोर्खा चरात उतरून दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत होती. वाटलं, पोरीचं काही हरवलं असेल. मग ती वर आली, गाडीत बसली, थोडी पुढे गेली आणि परत वळली. पुन्हा चरात उतरली. मी थांबायला हवं होतं. मामाशी बोलायचं नाही, असं तू तिला बजावलेलं, आणि मी तसाच पुढे गेलो. ती हल्ली कॉलेजला उशिरा पोचते आणि तू तिला आळशी म्हणतेस, असं कानावर आलंय. ती आळशी नाही गं. एकोणीस वर्षांची आहे, अजून वेळ गेलेली नाही. ओर्लाचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तिला फोन कर. आणि सोर्खा घरी आली की कुठे उलथली होतीस, असं विचारू नकोस. किती वेळा मागे फिरलीस, ते विचार.

तू मानलं नाहीस तरी तुझाच भाऊ,
फिंटन