मासे जगतात ते घर

ठाणे, पौष शु. ५, शके १८१८

चिरंजीव सौभाग्यवती मंदाकिनीस दादाचे अनेक आशीर्वाद. इकडील क्षेम जाणून तुमचे कळवीत जावे, वि. वि.

पेटीला खरोखर काय पडले म्हणून विचारतेस, तर ऐक. लिलावात काचेची पेटी तीन रुपयांना मिळाली, हे मी गावभर सांगतो. पण खडवलीच्या नदीतून वाळू आणताना सहदेव गाडीवानाचा बैल लंगडा झाला, माझ्या अंगठ्यावर धोंडा पडून नख गेले, आणि ओसरीवर पेटी मांडली म्हणून आई दोन दिवस माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलत होती. त्यात तीन रुपयेच स्वस्त.

मांडणी मात्र पाहण्यासारखी झाली आहे. ज्या साहेबाची ही पेटी, त्याचा बटलर अँब्रोज येऊन सांगून गेला. वाळू मागे उंच, पुढे उतरती. काळे धोंडे एका अंगाला ठेवा, मधोमध ठेवलेत तर थडगे दिसेल, म्हणाला. तलावातले फितीसारखे गवत मुळांसकट आणले आणि ते बांबूच्या कामटीने एकेक करून तुझ्या लेकीने, उत्तराने, रोवले, तिची बोटे बारीक. वाळू उठू नये म्हणून तलावाचे पाणी ताटलीवर धरून ओतले. आधी सगळे गढूळ. मग एका सकाळी निवळले, आणि बघतो तो ओसरीवर तळे. त्यात बोटभर मासे सोडले आहेत. गवताच्या श्वासावर मासे जगतात, असे अँब्रोजचे म्हणणे.

कल्याणात प्लेगाची कुणकुण लागताच पोरीला माझ्याकडे धाडलीस, हे शहाणपण केलेस. आल्यागेल्याला मी पेटी दाखवून सांगतो की ज्या घरात मासा सुखाने जगतो तिथल्या हवापाण्याला खोट नाही. ओंडके वाहता वाहता वखारीचा मालक झालेला तुझा भाऊ असल्या साथीला भीक घालीत नाही. तूही घालू नकोस. आहे ती माया आटू देऊ नये, हे आशीर्वाद.

विश्राम

कल्याण, पौष शु. ११

तीर्थरूप दादाचे सेवेशी, मंदाकिनीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

सहदेवाबरोबर तिळगूळ पाठवला आहे. तो खाऊन निदान माशांशी तरी गोड बोल, वखारीतल्या माणसांशी तू बोलत नाहीसच.

आमच्या आळीत चौथ्या घरी उंदीर मरून पडले. ती माणसे रातोरात शेतात झोपडी घालून राहिली, आणि आता त्यांच्या दारावरून कोणी जात नाही. हे कापराची पुरचुंडी उपरण्यात बांधून कचेरीला जातात. परत येईपर्यंत माझे लक्ष वाटेकडे. भिंतीत खुडबुड झाली की बरे वाटते रे, उंदीर जिवंत आहेत म्हणून. असे दिवस आले.

तुझे पत्र ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवले, आणि तेव्हापासून मी त्या माशांवरच जीव टांगून बसले आहे. लांबलचक लिहू नकोस. मासे बरे आहेत, एवढे लिहिलेस तरी माझी उत्तरा बरी आहे असे मी समजेन. लेकरावर व माझ्यावर छाया असावी, ही विनंती.

मंदाकिनी

ठाणे, पौष व. ३

चि. सौ. मंदाकिनीस आशीर्वाद.

काय लिहावे या विचारात तुझ्या पत्राला उत्तर राहिले. खोटे लिहिणार होतो. पण पोर तुझी आहे.

मासे मेले. आधी काचेवरच्या गोगलगायी गळून वाळूत पडल्या. मग रोज एक मासा पोट वर करून. गवत हिरवेगार, पाणी आरशासारखे, आणि मासे मरतात. माझेच बोलणे माझ्यावर उलटले. आळीतली माणसे पेटी पाहायला यायची, ती आता समोरच्या अंगाने जातात. काल शेवटचा मासा गेला, तेव्हा उत्तराने विचारले, "मामा, आता आपली पाळी का?"

आज सकाळपासून तिला ताप आहे. आईने काखा, जांघा चाचपल्या. प्लेगाची गाठ नाही. तू येऊ नकोस आणि तिला बोलावूही नकोस. स्टेशनावर उतारू तपासतात, तापलेले अंग दिसले की प्लेगाच्या इस्पितळात नेतात, पोर आपल्या हातची गेली.

एक गोष्ट मात्र कानांवर आली. दुपारी पडलो होतो, तो हंड्याची कडी वाजली आणि ओसरीवर पाणी पडल्याचा आवाज. ओंडका पोकळ आहे की भरीव, हे मी ठोकून ऐकतो, माझे कान फसत नाहीत. उठून बघतो तर आई पेटीत पाणी ओतते आहे. तलावाच्या पाण्यात साथ असते, म्हणून पोरीच्या काळजीने ती रोज पेटीतले पाणी काढून सोवळ्यातल्या हंड्याचे घालीत होती. चिंचेने घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले, त्याहून शुद्ध काय असणार? त्या शुद्ध पाण्यातही मासे मेले, म्हणून तीही देवापुढे बसून आहे. देवावर हवाला.

विश्राम

कल्याण, पौष व. ४

ती. दादास सा. नमस्कार.

पत्र आले तेव्हापासून चूल पेटवलेली नाही. निघाले होते, ह्यांनी दारात अडवले.

पण दादा, हंड्याचे वाचले आणि आठवले. लहानपणी कलई उडालेल्या तांब्याच्या पातेल्यात आमसुलाचे सार कळकले होते, आणि आपण दोघे सबंध दिवस ओकत होतो. आंबट लागले की तांबे उतरते. आपण त्या हंड्यातले पेलाभर पितो, ते बिचारे आठौ प्रहर त्यातच. मासे साथीने नाही, आईच्या मायेने मेले असतील. तिला हे सांगू नकोस.

हे खरे की मी आपली समजूत घालते आहे, ते मला कळत नाही. विहिरीच्या पाण्यावर पुन्हा मासे सोडून बघ. आणि पोरीच्या अंगावर काही दिसले तर लपवू नकोस. तुझ्या पायाशी पदर पसरते.

मंदाकिनी

ठाणे, पौष व. ८

चि. सौ. मंदाकिनीस अनेक आशीर्वाद.

आधी पोरीचे. तुझे पत्र आले त्याच संध्याकाळी तिच्या पाठीवर फोड दिसले. मी तसाच वैद्याकडे धावलो. वैद्यबुवांनी दिवा जवळ धरून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि कांजिण्या म्हणाले. कांजिण्या ऐकून कोणाला इतका आनंद झालेला त्यांनी पाहिला नसेल. आता ताप उतरला आहे, मऊ भात मागून खाते, खाजवू नको म्हटले की रडते. खपल्या धरल्या की तू ये.

पेटी उपसली, वाळू धुतली, विहिरीचे पाणी घातले. गवत उत्तराने बिछान्यावरून हुकूम सोडून माझ्याकडून रोवून घेतले, मला जमत नाही म्हणते. नवे मासे अजून फिरताहेत. आईला मी काही बोललो नाही. फक्त हंड्याला कलई करून आणली. ती म्हणाली, सोवळ्याच्या हंड्याला कशाला कलई? मी म्हटले, कलईवाला दारावर आला होता.

साथ अजून आहे, तेव्हा जपून राहा. भावाला विसरू नये.

विश्राम

ता. क. उत्तरा आल्यापासून रोज सकाळी तोंड धुण्याआधी मी स्वतःच्या काखा चाचपीत असे. आज राहून गेले.