अंबाडीचा वाफा

प्रिय सत्यभामा,

परवा फोनवर तू अंबाडीचं विचारलंस आणि मी डॅलसच्या उन्हाचं सांगत बसले. मी विषय बदलला हे तुला कळलंच असणार. काय करू, इथल्या स्वयंपाकघराला दारच नाही. एकाचं बोलणं घरभर ऐकू जातं. म्हणून आज कागद घेऊन बसले.

अंबाडी आली होती गं, माझ्या खांद्याला लागली होती. इथलं ऊन परभणीसारखंच, तिला मानवलं. बी सूनबाईनं आणून दिलं होतं. स्रवंती गुंटूरकडची, तिच्या माहेरी अंबाडीवाचून पान हलत नाही. दवाखान्यातली ड्यूटी संपवून आली की चप्पल न काढता आधी मागच्या अंगणात जायची, कोवळं पान तोडून तोंडात टाकायची. लेक उमाकांत मात्र कुरकुरायचा, की इथं लोक हिरवळ राखतात आणि तू शेत केलंस. पण कुंपणावरच्या दोडक्याची चटणी केली की ताटावर पहिला तोच.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी अंबाडी खुडत होते, पदर खोचलेला, हातात विळा. कुंपणाचं फाटक वाजलं आणि दोन पोलीस आत आले, एक बाप्या, एक पोरगी. शेजारच्या माडीवरून कुणीतरी पाहिलं आणि कळवलं, की इथली म्हातारी गांजा लावते. पान दिसतं खरं तसंच. त्यांनी विळा खाली ठेवायला सांगितलं, मी ठेवला. मला भीती वाटली नाही. पाच वर्षं सरपंच होते मी, आपल्या फौजदाराला भर चावडीत कसं बोलले होते ते तू पाहिलंयस. एक पान स्वतः खाऊन दाखवावं, एक त्या पोरीच्या हातावर ठेवावं, असं मनात होतं. तेवढ्यात उमा घरातून धावत आला. चेहरा पांढराफटक.

तो इंग्रजीत म्हणाला, "ही माझी आई. वयामुळे तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. काय लावते, काय करते, तिचं तिलाच कळत नाही."

सत्यभामा, दोन वर्षं टीव्हीपुढं बसून माझा कान तयार झालाय. बोलायला जीभ अडते, म्हणून घरात सगळे समजतात की मला काहीच कळत नाही. मला शब्द न् शब्द कळला. आणि मी काय केलं माहीत आहे? हसले. तोंड उघडं टाकून, मान हलवत, खुळ्यासारखी हसले. लेक खोटा पडू नये म्हणून. त्या पोरीनं पान चोळून हुंगलं, फोटो काढले, भाजीच आहे म्हणून माफी मागितली आणि जाताना माझा खांदा थोपटला, तान्ह्या लेकराला थोपटतात तसा. ते थोपटणं अंगावरून जात नाही. उमावरचा माझा राग एका दिवसात गेला. माझं ते हसणं मात्र मला अजून झोपू देत नाही. माझ्या तोंडानं मी त्याला साक्ष दिली.

संध्याकाळपर्यंत त्यानं सगळी अंबाडी मुळासकट उपटून काळ्या पिशव्यांत भरली. स्रवंती आली, तिनं पिशव्या पाहिल्या आणि तिथंच फरशीवर बसून पानं खुडली. लसूण, लाल मिरची घालून तिच्या पद्धतीची चटणी केली. उमानं दोनदा भात घेतला, आणि वाढत कोण होतं तर मी. जेवताना तो बायकोला दुपारची गोष्ट गंमत म्हणून सांगत होता, आईला वेडी ठरवलं आणि सुटलो.

तिचा घास हातातच राहिला. "आणि अत्तम्मा काय म्हणाल्या?" सासूला ती तिच्या भाषेत अत्तम्मा म्हणते.

"तिला कुठं काय कळतंय?" असं म्हणून त्यानं ताट पुढं केलं. मी त्यात आणखी चटणी वाढली.

तो वाईट नाही गं. घाबरला होता. परक्या मुलुखात बापडा सारखाच घाबरलेला असतो, शेजाऱ्याला, साहेबाला, टपालात आलेल्या पाकिटाला. मला सगळं समजतं. पण त्या दिवसापासून त्याच्यासमोर मी खरंच कमी बोलायला लागलेय. परवा स्रवंतीनं दुकानात मला विचारलं, कोणता तांदूळ घेऊ, आणि मी उमाकडं पाहिलं. तेव्हा मात्र मी धसकले.

म्हणून हे पत्र. गौरीला गावी जाते असं मी त्याला सांगितलंय, त्यानं जायची-यायची दोन्ही तिकिटं काढलीत. यायचं तिकीट मी वापरणार नाही. राहतं घर विकून, साऱ्या गावाचा निरोप घेऊन निघाले होते, आता कोणत्या तोंडानं परत येऊ असं वाटतं. तुझी मागची खोली रिकामी असेल तर मला देशील का? तू हो म्हणालीस की त्याला सांगेन. इंग्रजीतच सांगेन, मोडकंतोडकं का होईना.

वाट पाहणारी,
तुझीच प्रयाग